पाटावरचा मुराळी

माझ्या तोंडाला सारं गाव भितं. ही फुशारकी नाही, कुणालाही विचारा. ग्रामसभेत पाटलाला गप्प बसवलेली बाई मी. पण लेक दिली की जीभ विहिणीच्या उंबऱ्याबाहेर काढून ठेवावी लागते, चपलेसारखी. ते मला त्या आखाजीला, अक्षय तृतीयेला, कळलं.

शेवंता माझी एकच लेक. तिचं लग्न उरकलं आणि पुढच्याच श्रावणात तिचे वडील, नाना, गेले. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरून पुजतात; त्यांची ही पहिली घागर भरायची होती. माणूस मोठा मुका. जन्मात त्यानं भाकरीवर मीठसुद्धा मागून घेतलं नाही. जाताना मात्र बोलला, "माझी पहिली घागर शेवंताच्या हातानं भरा." एवढंच मागणं. ते पुरं करायचं होतं मला, बाकी काही नाही.

आता आखाजीला लेकीला आणायला मुराळी जातो, तो गाडी जुंपून जातो. छकड्यावर नवी ताडपत्री, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, डब्यात सांजोऱ्या. आमच्यात तसंच असतं. आणि त्या साली नेमकं गावावर खुरकूत आलं. दावणीला एकही बैल धड उभा राहीना. तोंडातून लाळ, खुरात किडे. माझा ढवळ्या तर पाय उचलून माझ्याकडे असा बघायचा की मी गोठ्यात जाणं सोडलं. शेजारच्या गावांनी आपली जनावरं आमच्या शिवेत पाठवायची नाहीत असं ठरवलं. भाड्याची गाडी मागायला गेलं तर लोक लांबूनच हात हलवायचे.

माझा अभिमन म्हणाला, "माय, मी सायकलवर जास. पाटानी वाटंनी."

अभिमन एरंडोलच्या कापसाच्या जिनात कामाला. त्यानं तिथल्या फिटरकडून जुनी सायकल घेतलेली. पाट म्हणजे गिरणा नदीचा कालवा. वरच्या अंगाला भडगावाकडे शेवंताचं सासर, खाली कासोद्याच्या बाजूला आम्ही. कालव्याच्या बांधावरून साहेबाच्या घोड्यासाठी मुरुमाची वाट केलेली. गाडीला तिथं बंदी, कारण लोखंडी धावेनं बांध खचतो. गुरांनाही बंदी. त्यामुळे त्या वाटेला ना धूळ ना चाकोऱ्या. कालव्याचा कारकून सायकलकडे काणाडोळा करायचा.

मी म्हटलं, "मुराळी सायकलवर? तुझ्या बापानं ऐकलं असतं तर पुन्हा मेला असता."

"बैल कोठे शेतस, माय?"

 सांजोऱ्यांचा डबा मीच हँडलला बांधून दिला.

दिवस कलायच्या आत तो परत आला. मागचं कॅरेज रिकामं. डबा तसाच.

"काय म्हणाली विहीण?"

अभिमन सायकल भिंतीला टेकवत राहिला. मग म्हणाला, "म्हणे, गाडी कोठे शे? आमनी सून काय पोस्टातलं पार्सल शे का, सायकलना मांगे बांधाले?"

"खुरकुताचं सांगितलंस?"

"सांगं. तर म्हणे, गरज असती तर माणूस खांद्यावर गाडी उचलीसन लयता."

मला राग आला, पण त्याहून भीती वाटली. आखाजी परवावर होती. मी अभिमनला म्हटलं, "उद्या मला बसव."

"सायकलवर? तुले?"

"मग काय ढवळ्यावर?"

गावाबाहेर पाटापर्यंत मी चालत गेले, कुणी बघू नये म्हणून. तिथं कॅरेजवर गोधडीची घडी टाकून बसले. दोन्ही पाय एका बाजूला, एका हातात पदर, दुसऱ्या हातात पोराचा सदरा. आधी जीव मुठीत. मग हळूहळू सुटला.

एवढ्या जवळ असून ती वाट मी कधी पाहिली नव्हती. एका बाजूला पाणी, उसाच्या पाळीसाठी सुटलेलं. दुसऱ्या बाजूला बाभळी, त्यांच्यावर सुगरणीचे खोपे लोंबकळणारे. चाकाखाली मुरूम कुरकुरायचा, एवढाच आवाज. माणूस नाही, गाडी नाही, कुणी "कोठे चालल्या अक्का" विचारणारं नाही. एक खंड्या पुढे उडायचा, थांबायचा, आम्ही पोचलो की पुन्हा उडायचा. वैशाखाचं ऊन, पण पाण्यावरून वारा गार येत होता. मनात आलं, ह्यांना एकदा इथून न्यायला हवं होतं. दुसरं मनात आलं, बोलताना जीभ सांभाळ.

ताईबाई, म्हणजे माझी विहीण, अंगणात खाटेवर बिबडे, ज्वारीचे पापड, घालत होती. मला सायकलवरून उतरताना तिनं पाहिलं आणि हातातलं पीठ तसंच धरून हसली.

"या, या! काल पोऱ्या उना, आज माय उनी. उद्या काय घोडानी डाक ई का?"

मी हसले. मी! आतून शेवंता दाराशी आली. हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. अंगानं उतरली होती. माझ्याकडे पाहिलं आणि सासूकडे पाहून परत आत गेली.

"विहीणबाई, बैलं पडलेली आहेत. तिच्या बापाची पहिली घागर. दोन दिवस धाडा, मी स्वतः आणून घालते."

"सायकलवर?"

"सायकलवर."

"आनि लोके काय म्हनतीन? ताईबाईनी सून उघडी सायकलवर, पाय लोंबाडत?"

अंगणात त्यांची गाडी उभी होती. तिचे दोन बैल कडबा खात होते, धडधाकट, तुकतुकीत. मी त्यांच्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं.

"ते नाव काढू नका," ती म्हणाली. "तुमना गावमा पाय ठेवा का मना बैलेसले खुरकूत. मंग पेरणी काय तुमी करशात?"

त्यात खोटं काही नव्हतं. तेच वाईट. खोटं असतं तर मी तिला उभी सोलली असती.

जावई निंबा ओट्यावर बसून दोरी वळत होता. त्यानं एकदा मान वर केली, "आई, जाऊ दे ना..." म्हणाला आणि आईनं नुसतं बघितलं तेव्हा पुन्हा दोरीत शिरला.

मी पदर पसरला. आयुष्यात पहिल्यांदा. देवापुढेसुद्धा मी पदर पसरून मागितलं नाही, हक्कानं मागितलं. ताईबाईनं त्या पदराकडे पाहिलं, आणि आत हाक दिली, "शेवंता, तुनी मायले पानी दे."

लेकीच्या घरी तिला मूल होईतो आई पाण्याचा थेंब घेत नाही, हे तिला ठाऊक होतं. मलाही होतं. शेवंता तांब्या घेऊन आली, माझ्यापुढे उभी राहिली. माझी जीभ टाळूला चिकटली होती. मी हात हलवला. ती तांब्या घेऊन परत गेली.

"गाडी धाडा," ताईबाई बिबडे घालत म्हणाली. "गाडी उनी का पोर लगेच बसाडी देसू. मी काय वाईट शे का?"

आम्ही पाटावर आलो. मागून धापा टाकत शेवंता आली, कमरेवर घागर. पाणी भरायला म्हणून निघालेली.

अभिमन म्हणाला, "माय, तू पायी ये. मी ताईले लई जास. बस, ताई!"

शेवंतानं कॅरेजवरच्या गोधडीकडे पाहिलं.  मला बस म्हणवत नव्हतं, नको म्हणवत नव्हतं.

"मंग परत मले कोन घरमा लेई, भाऊ?" ती म्हणाली.

तिनं पाटाच्या कडेला बसून ओंजळ भरली आणि माझ्या तोंडाशी धरली. पाट कुणाच्या घरचा नाही. मी प्याले. मग तिनं दुसरी ओंजळ भरली, डोळे मिटून पुटपुटली आणि पाण्यात सोडली.

"हाऊ पाट आपला गावले जास ना, माय? नानांनी घागर पाटवरथीन भर. मना हातनं पानी ई."

परतताना अभिमन जोरात पायडल मारत होता. वाट इतकी सपाट, इतकी मोकळी, की सायकल कुठं अडखळेचना. मी पाण्याकडे बघत होते. एक बाभळीची काडी आमच्या बरोबर वाहत होती, मग मागं पडली.

"हळू चालव," मी म्हटलं. "आपण पुढं चाललोय."

"कशाना पुढे?"

"हळू चालव म्हणते ना!"

आखाजीला उजाडता नवी घागर घेऊन पाटावर गेले. पाट कोरडा. वरच्या दरवाजाला पाळी फिरवली होती, पाणी दुसऱ्या चारीला, बाजूच्या फाट्याला, गेलेलं. तळाला चिखल, मधे मधे डबकी, त्यात बारीक मासे तडफडत होते. पाटकरी बांधावर विडी ओढत बसला होता. मी त्याला विचारलं, पाणी कधी येईल?

"आता उसानी पाळी सरनी, अक्का. आठवडाभर काय येत नही."

मी त्याला शिव्या दिल्या. त्याच्या आईला, बापाला, गिरणेला, सरकारला. पोटात साठवलेलं सगळं बाहेर पडलं. तो बिचारा ऐकत राहिला. त्याचा त्यात काय दोष? मग मी चिखलात उतरले आणि घागरीवर झाकलेल्या वाटीनं डबक्यातलं पाणी घागरीत टाकू लागले. अर्धी झाली. पुढे नुसता गाळ येऊ लागला.

अभिमन वर सायकल धरून उभा होता. "माय, बाकीनी विहिरना पानीनं भरू का?"

"भर," मी म्हटलं.