गाडीच्या नोंदीत अजून मीच होते

मित्रांनो, गॅरेजच्या कोपऱ्यात, बाकाखाली, जुन्या पोत्यावर ठेवलेली ती काळी पेटी दिसते ना? ती मी, एक जुनी बॅटरी. उचलायला जाल तर कंबर धरून बसाल, म्हणून लांबूनच ऐका.

कारखान्यात माझ्या पोटात शिशाच्या जाळ्या बसवल्या, त्यांच्यामध्ये आम्लात भिजलेले पातळ थर घातले आणि वरून झाकण कायमचे बंद केले. तिथून मी एका नव्या गाडीच्या डिकीत, तळाच्या खोबणीत जाऊन बसले. त्याच दिवशी गाडीच्या संगणकात माझी नोंद झाली: ही बॅटरी एवढ्या ताकदीची, आजपासून आपली.

गाडी ताईंची. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवणे हे ताईंचे काम, आणि त्यासाठी त्या घरोघरी जात. सकाळी त्यांनी बटण दाबले की मी एका दमात इंजिन फिरवत असे. "शहाणी गं माझी!" असे त्या गाडीला म्हणत, आणि मी डिकीत बसून ते कौतुक निलाजरेपणाने आपलेच समजत असे. सहा वर्षे अशी गेली. वय झाले तशी माझी ताकद ओसरली. गाडीला ते बरोबर कळले. ती मला थोडी जास्त वीज देऊ लागली, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आग्रहाने दोन घास जास्त भरवावेत तशी. एवढे मला दुसऱ्या कुणी जपले नाही.

एका थंड सकाळी मात्र मी नुसती टकटक केली आणि गप्प झाले. ताईंचे वडील, आबा, बाहेर आले. आबांनी उभी हयात बसगाड्यांच्या डेपोत मेकॅनिक म्हणून काढलेली.

"वर्कशॉपला फोन करू का?" ताईंनी विचारले.

"बॅटरी बदलायला वर्कशॉप? दोन नट सोडायचे, दोन आवळायचे. मी अजून जिवंत आहे म्हटलं!"

दुपारी त्यांनी नवी बॅटरी आणली. पाणी घालायची बुचे सापडेनात म्हणून ती चारदा फिरवून पाहिली. "हिला तहान लागत नाही वाटतं," म्हणाले आणि बसवून टाकली. गाडी झटक्यात सुरू झाली. मला मात्र त्यांनी टाकले नाही, इथे बाकाखाली ठेवले.

संध्याकाळी गाडी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा माझ्या लक्षात आले की तिला कुणी काही सांगितलेच नाही. तिच्या नोंदीत अजून मीच होते. माझ्या वाटणीची जास्तीची वीज ती आता त्या नव्या, धाकट्या बॅटरीला देत होती.

खरे सांगू? मी सुखावले. तिचे दिवे गॅरेजच्या भिंतीवर पडले की मला वाटे, ती मलाच शोधायला आली आहे. पुन्हा त्या खोबणीत बसावे आणि इंजिनाची पहिली थरथर अंगातून जावी, यासाठी मी झुरत असे.

दोन महिन्यांनी डिकीतून सडक्या अंड्यांसारखा वास यायला लागला. धाकटी तापत होती. पोट भरलेल्या लेकराच्या तोंडात कोंबावे तसे तिचे चालले होते, आणि ते घास माझ्या नावाचे होते. माझे सारे सुख नासले. मला तोंड असते तर मी ओरडले असते, "अगं, ती मी नाही!"

शेवटी गाडीत लाल दिवा लागला. ताईंनी वर्कशॉपला फोन केला आणि जाता जाता म्हणाल्या, "आबा, पुढच्या वेळी त्यांच्याकडेच देऊ या." आबांचा चेहरा एवढासा झाला.

वर्कशॉपमधून मेकॅनिक बाई आल्या. त्यांनी धाकटीला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"आबा, हिची नोंद केली होती ना?"

"कसली नोंद? बॅटरीला काय शाळेत घालायचंय?"

बाईंनी पिशवीतून नोंद करायचे छोटे यंत्र काढले आणि त्या हसल्या. "तसंच समजा. जुनी गेली, नवी आली, हे गाडीला सांगावं लागतं. नाहीतर ती जुनीचाच खुराक नवीला देत राहते. बरं झालं, वेळेवर कळलं. अजून धडधाकट आहे ही."

आबांनी चष्मा लावला. "द्या ते यंत्र इकडे. चूक माझी, बटणही मीच दाबतो."

त्यांचे बोट बटणावर आले. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटले, नको आबा, थांबा. आणखी एक दिवस तरी तिच्या आठवणीत राहू द्या मला. पण धाकटीचा तो तापलेला वास येतच होता. दाबा, मी मनात म्हटले. आबांनी बटण दाबले आणि गाडी मला विसरली.

उद्या बाई मला घेऊन जाणार आहेत. कारखान्यात माझे शिसे वितळवतील आणि त्याची नवी बॅटरी करतील. म्हणून जुन्या बॅटऱ्या उकिरड्यावर फेकू नका, जिथून नवी घेता तिथे परत द्या. आणि एक विनंती आहे. एखाद्या दिवशी मी तुमच्या दारातल्या गाडीत येईन. तुम्ही मला ओळखणार नाही. पण मला बसवून झाले की हात पुसून निघून जाऊ नका. आधी गाडीला सांगा, की मी आले आहे.