हरला त्याने उठायचं

"मास्तर दुपारी घरात एकटे नसतात गं, त्यांची गेलेली बायको रोज येते आणि..."

एवढंच माझ्या कानावर पडलं. जिन्याच्या वळणावर इस्त्रीवाली आणि खालच्या मजल्यावरच्या शाळेतल्या बाई उभ्या होत्या, आणि माझी चाहूल लागताच दोघींनी विषय असा बदलला, की जणू मघापासून पाण्याच्या टाकीबद्दलच बोलणं चाललं होतं. अर्धं वाक्य ऐकून स्वस्थ बसणारी मी नव्हे. येते आणि काय करते? घरी येऊन भाजी चिरायला घेतली, तरी जीव त्या 'आणि'पाशीच अडकून राहिला.

मास्तर म्हणजे आमच्या शेजारचे टेलर मास्तर. मधे एकच भिंत, त्यामुळे त्यांचं शिलाई मशीन कधी चालतं नि कधी थांबतं हे मला बसल्या जागी कळायचं. त्यांच्या बायकोला मी ताई म्हणायचे. ताई गेल्या त्याला वर्ष होत आलं, आणि अलीकडे दुपारचं मशीन बंद होऊन भिंतीतून वेगळाच आवाज यायला लागला होता. आधी टुक, मग टक्, मग डब्यात कोंडल्यासारखा गर्दीचा आरडाओरडा.

त्याच संध्याकाळी मास्तरांच्या मुलीचा फोन आला. ती दूरच्या शहरात नर्स आहे.

"काकू, बाबांचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"अगं, असं काय विचारतेस!"

"मग लोक उगाच बोलतात? तुम्ही एकदा आत जाऊन बघा. तुम्ही बरं आहे म्हणालात तर मी गप्प बसते. नाहीतर रविवारी येऊन त्यांना इकडे घेऊन जाते, मग कितीही हातपाय आपटू देत."

मास्तरांचं मशीन, त्यांची गिऱ्हाइकं, ताईंनी मांडलेलं घर, सगळं आता माझ्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं. एरवी दुसऱ्याच्या घरात डोकावायला मला कारण लागत नाही, पण दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर शिवण उसवलेला एक पडदा मुद्दाम शोधून काढला आणि तो घेऊन त्यांचं दार वाजवलं.

"या वहिनी," मास्तर म्हणाले, "पडदा ठेवा तिथे. डाव अर्ध्यात आहे."

शिलाई मशीनवर चादर घातली होती. टीव्हीसमोर दोन खुर्च्या, मधे मुलीच्या लहानपणीचा व्हिडिओ गेम, त्याचं करडं प्लास्टिक आता पिवळं पडलेलं, आणि कॅसेट नीट बसावी म्हणून वर दोऱ्याचं रीळ टेकवलेलं. एका खुर्चीत मास्तर बसले. दुसरीत, ताईंच्या खुर्चीत, दुसरा रिमोट नुसता पडला होता. मी मागच्या दिवाणावर टेकले.

खेळ बेसबॉलचा. चौकटी चौकटींची माणसं, एकजण चेंडू टाकतो, दुसरा दांडक्याने मारतो. पडद्यावरचा टाकणारा थोडा थांबला, जणू विचार करतोय, आणि मग त्याने चेंडू टाकला. पार लांबून, मास्तरांच्या माणसाच्या आवाक्याबाहेरून. मास्तरांनी दांडकं हलवलंच नाही.

"हा आमच्या घरचा नियम," ते म्हणाले. "खेळाचे नियम कुणाला ठाऊक होते? आम्हीच केले. पहिला चेंडू लांबून टाकायचा, समोरच्याचा हात बसू द्यायचा. आणि हरला त्याने उठायचं. खुर्च्या दोन, माणसं तीन. मुलगी ताटकळत उभी असायची ना."

"पण आता चेंडू मशीनच टाकतंय ना, मास्तर?"

"दोघांचा डाव लावलाय, वहिनी. दुसऱ्याने बटण दाबल्याशिवाय चेंडू सुटत नाही."

मी ताईंच्या खुर्चीकडे पाहिलं नाही. म्हटलं, बिचाऱ्याला बायको भेटल्यासारखं वाटतंय, कुणाचं काय जातंय? मुलीला सांगावं, बाबा बरे आहेत. तेवढ्याच मायेने विचारलं, "ताई बऱ्या खेळतात हो?"

मास्तरांनी चमकून वळून बघितलं.

"ही? छे! ही ती नव्हे. ती पक्की रडी. लांबून चेंडू तिने जन्मात टाकला नाही, पहिलाच सरळ आणि जोरात, माझी बोटं बटणावर जायच्या आत. हरायला आली की पायाच्या अंगठ्याने गेम बंद. वर म्हणायची, लाईट गेली वाटतं!" ते हसले, आणि हसू तोंडावर तसंच राहून गेलं. "हे जे आहे ना, ते सगळे नियम पाळतं. कुठून शिकलं कोण जाणे. मला पहिल्यांदा वाटलं तीच आली, म्हणून रोज बसायला लागलो."

"मग कोण आहे?"

"विचारलं नाही. मी रोज हरतो आणि उठतो. त्याला एकदा हरवलं, की त्याला उठावं लागेल. तिची जागा अडवून बसलंय हो! ती आली तर बसेल कुठे? आणि पोरगी म्हणते, चला माझ्याकडे."

खरं तर मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण पाय निघेना, आणि डाव असा रंगला की मीही पदर मुठीत आवळून पुढे सरकले. टाकणारा दर वेळी थोडा जास्त थांबायला लागला. मास्तरांच्या कपाळावरची शीर ताठली होती. शेवटचा चेंडू त्यांनी असा मारला की तो पडद्याच्या वर निघून गेला आणि डब्यातली गर्दी ओरडत सुटली.

मास्तरांनी रिमोट मांडीवर ठेवला. खुर्चीकडे वळून, गिऱ्हाइकाशी बोलावं तितक्या अदबीने म्हणाले, "उठा आता. नियम आहे."

काहीच झालं नाही. गर्दी गप्प झाली. ताईंच्या खुर्चीची गादी, जी मला आधी नुसती जुनी होऊन दबलेली वाटली होती, ती हळूहळू वर आली आणि सपाट झाली. मग पुन्हा थोडी दबली. आधीपेक्षा कमी, एखादं हलकं माणूस बसल्यासारखी.

नवा डाव सुरू झाला. टाकणारा थांबलाच नाही. चेंडू सरळ आला, जोरात, मास्तरांची बोटं बटणावर जायच्या आत.

"रडी!" मास्तर ओरडले. "अगं रडी कुठली!" ते हसत होते आणि बाहीने डोळे पुसत होते, आणि माझेही डोळे भरून आले. जिन्यातलं बोलणं अर्धंच खरं निघालं. मास्तर एकटे नव्हते, पण ताई रोज येत नव्हत्या. त्या आज पहिल्यांदा आल्या होत्या. मुलीला आता काय सांगायचं, याची जुळवाजुळव मी मनात करायला लागले.

तेवढ्यात मास्तर माझ्याकडे वळले. त्यांचं हसू मावळलं होतं, आणि नजर माझ्यावर नव्हती, माझ्या जरा डाव्या बाजूला होती.

"वहिनी," ते हलकेच म्हणाले, "जरा सरकून बसा."