उजव्या कुशीवरचा पोचा

मित्रांनो, माझ्या उजव्या बाजूचा पत्रा आत गेलाय, तो दिसतोय ना? माझी गोष्ट तिथलीच आहे. मी दवाखान्यातलं ईसीजीचं मशीन. माणसाच्या हृदयाचे ठोके कागदी पट्टीवर रेघेनं उमटवणं हे माझं काम. नवाकोरा आलो तेव्हा माझा रुबाब काय वर्णावा. डॉक्टरबाई पट्टी उजेडात धरून म्हणायच्या, की एवढं स्वच्छ अक्षर त्यांच्या लेकाचंही नाही.

मला चालवायची इथली नर्स, सगळ्यांची ताई. पुसायची तीच, रुसलो की समजूत काढायचीही तीच. पुढे माझ्या पोटातली एक तार सैल झाली आणि रेघ मधूनच थरथरू लागली. ताईनं दुरुस्तीसाठी दोन अर्ज केले. दोन्ही कुठल्यातरी टेबलावर निजले. मग तिनं स्वतःचाच उपाय शोधला: उजव्या कुशीवर एक चापट. रेघ सरळ. बिघडलेली पट्टी टोपलीत, चांगली फायलीत. अकरा वर्षं हेच चाललं. सगळा दवाखाना तिच्या हातगुणाचं कौतुक करायचा. खरं सांगतो, मलाही त्या चापटीची सवय झाली होती.

एका सकाळी तिचा धाकटा भाऊ आला. चौतीस वर्षांचा रंगारी, शिडीवर उभा राहून बेसूर गाणारा. दोन आठवड्यांपूर्वी ताप येऊन गेला होता. आता चार पायऱ्यांत दम लागत होता. छातीत काहीतरी धडपडतंय म्हणाला. कोपरापर्यंत रंग तसाच घेऊन आला म्हणून ताईनं त्याला आधी झापलं, मग आडवं केलं आणि मला सुरू केलं.

तार सैल असली की माझी रेघ थरथरते. त्या दिवशी ती अडखळली. मध्येच एक रुंद, भलत्याच वेळचा ठोका, मग खड्डा, मग तसेच लागोपाठ तीन. जे होतं तेच मी लिहीत होतो.

"म्हाताऱ्याचं डोकं परत फिरलंय," म्हणत ताईनं चापट मारली.

भाऊ हसला. "ताई, मारून मारून त्याला खोटं बोलायला लावशील."

पहिली पट्टी टोपलीत गेली, दुसरी सरळ आली. त्याचं हृदय तेवढे दहा सेकंद नीट चाललं होतं, इतकंच. डॉक्टरबाईंपुढे तीच पट्टी गेली. अशक्तपणा आहे, असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी शिडीवर असतानाच त्याचं हृदय थांबलं. खाली सापडला तेव्हा ब्रश मुठीतच होता.

शवविच्छेदनात कळलं, की हृदयाच्या स्नायूला आतून सूज होती. फार क्वचित होणारा आजार. डॉक्टरबाईंनी ताईला माझ्याशेजारी बसवून सांगितलं, की वेळेवर कळूनही यातली कितीतरी माणसं हाती लागत नाहीत.

"पण कळलं तर असतं ना, बाई?" ताई म्हणाली.

टोपली तोवर कधीच रिकामी झाली होती.

आता मी कपाटावर असतो. खाली नवीन मशीन आहे. ताई एकही पट्टी टाकत नाही. वेडीवाकडी असेल ती सगळ्यांत वर टाचते. माझी धूळ अजून तीच पुसते. पोच्यापाशी आली की फडकं थांबतं आणि ती नुसता तळहात ठेवून उभी राहते.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं म्हातारं भलतंसलतं बोलायला लागलं, तर हात उचलण्याआधी त्याचं एकदा पुरतं ऐकून घ्या. नेहमी चुकणारा मी त्या दिवशी बरोबर होतो. चुकलो असतो, तर किती बरं झालं असतं.