माझ्यातले आजोबा पुन्हा उठून बसत

मित्रांनो, नर्सिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या तळाच्या खणात, जुन्या चादरींखाली, पट्टा तुटलेला एक जाडजूड काळा चष्मा पडला आहे. तो मी. कागदोपत्री माझे नाव व्हीआर हेडसेट. मुली मला नुसते 'चष्मा' म्हणत.

एका कारखान्यात, हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी भिंगे बसवली. मग माझ्यात अख्खा वॉर्ड भरला गेला. मला डोळ्यांवर चढवले की समोर खाट दिसे आणि खाटेवर धाप लागलेले एक आजोबा. हातातल्या दांड्यावरचे बटण दाबले की ऑक्सिजन सुरू होई, आजोबा कुशीवर वळत. चूक झाली तर आजोबा जात. मग 'पुन्हा सुरुवात करा' अशी अक्षरे उमटत आणि ते उठून पुन्हा धापा टाकू लागत.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पाहुणे आले की मलाच पुढे केले जाई. प्राचार्य सर म्हणत, "इथे चूक झाली तरी कुणाचं काही बिघडत नाही." ते खरेही होते. सुई हातात घ्यायला घाबरणाऱ्या मुली माझ्यामुळे धीट झाल्या.

त्यांत एक होती खारूताई. कायम लगबगीत असे आणि हाक मारली की दचके, म्हणून हे नाव. पहिल्याच दिवशी तिने आजोबांना चार वेळा मारले. मग ती रोज जेवणाच्या सुट्टीत येऊ लागली. महिन्याभरात तिचे गुण सर्वांत जास्त. मला छाती असती तर ती फुगली असती.

तिसऱ्या वर्षी मुलींचे खऱ्या वॉर्डातले दिवस निम्म्याने कमी झाले. शिकवणाऱ्या मॅडमनी वीस वर्षे रुग्णसेवेत काढली होती. माझ्यासमोरच त्या म्हणाल्या, "सर, मुलींनी अजून माणूस धड उचललेला नाही."

"चष्म्यात सगळं आहे की, मॅडम. शिवाय वॉर्डात मुलींची गर्दी होते."

मॅडमनी दोनदा अर्ज दिला. तो जिथल्या तिथे राहिला.

मुली पास झाल्या. खारूताईला नोकरी लागली. तीन आठवड्यांनी, एका दुपारी ती प्रयोगशाळेत आली. अंगावर गणवेश होता. मॅडम मला पुसत होत्या.

"काय गं, आज सुट्टी?"

"नाही. कामावरून निघून आले."

ती स्टुलावर बसली आणि सांगू लागली. एका म्हाताऱ्या रुग्णाला जेवताना उलटी झाली होती आणि ती श्वासनलिकेत अडकली होती. त्यांना लगेच कुशीवर वळवायचे होते.

"मला सगळं आठवत होतं, मॅडम. पायरीन् पायरी. पण माझा अंगठा नुसता हवेत दाबत होता, बटण असल्यासारखा. मग धरलं तर ते हलेनात. माणूस इतका जड असतो? त्यांनी माझं मनगट आवळून धरलेलं. त्यांची मुलगी म्हणत होती, अहो सिस्टर, काहीतरी करा ना. दुसऱ्या सिस्टर धावत आल्या, तोवर सगळं संपलं होतं."

मॅडमनी मला बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "चूक तुझ्या एकटीची नाही."

"असेल. पण ते पुन्हा उठले नाहीत ना."

ती परत कामावर गेली नाही. आता कापडाच्या दुकानात बसते, असे कानावर आले. मॅडमनी तिसरा अर्ज दिला. उत्तर म्हणून वीस नवे चष्मे आले. त्यांतले आजोबा बोलतातही. वॉर्डातले उरलेसुरले दिवस आणखी घटले. मॅडम निवृत्त झाल्या. माझी बॅटरी फुगली आणि मी या खणात आलो. बाहेर एखाद्या नव्या मुलीला पूर्ण गुण मिळाले की टाळ्या वाजतात. मला ओरडावेसे वाटते, पण आजोबांच्या धापेखेरीज मला दुसरा आवाज दिलेलाच नव्हता, आणि तोही आता गेला.

मित्रांनो, माझी धूळ झटकू नका. मला दुरुस्तही करू नका. घरात कुणी आजारी असेल तर त्यांना कूस बदलायला हात द्या. त्यांचा घामेजलेला तळवा थोडा वेळ हातात राहू द्या. तुम्ही ऐकाल असे म्हणतो खरा. पण कपाटाचे दार लोटलेले आहे, आणि बाहेर नवी तुकडी डोळ्यांवर चष्मे चढवून रांगेत उभी आहे.