उतार कुणीकडे

बंद खाणीचा खड्डा बुजवण्याचा आराखडा मंजुरीसाठी पाचव्यांदा माझ्या टेबलावर आला, तेव्हा तो उघडण्याआधीच मी वैतागलो होतो. भरलेली माती पुढे दबते, हेच खाण कंपनीच्या लोकांनी पहिल्यांदा धरलं नव्हतं. नंतर काठ इतका उभा ठेवला की शेळीसुद्धा घसरली असती. तपासून तपासून माझ्या लाल पेनाची शाई संपत आली, यांना अक्कल काही येईना.

त्यात मावशीचा रोज फोन. खाणीच्या पूर्वेला, काठापासून शंभर पावलांवर तिचं घर. मागच्या भिंतीला तडे गेलेत. "झाली का रे सही?" एवढंच विचारते. आईच्या मागे तिनंच मला वाढवलं, त्यामुळे तिच्यावर खेकसता येत नाही. मग मी दुसऱ्यांवर खेकसतो.

नकाशा पसरला आणि डोकंच फिरलं. भरावाचा सगळा उतार पूर्वेकडे! म्हणजे वरचं सगळं पाणी थेट मावशीच्या घरात. ओढा पश्चिमेला आहे, हे शेंबडं पोरही सांगेल.

"डोळे गहाण टाकलेत का?" समोर बसलेल्या कंपनीच्या इंजिनियर बाईंवर मी ओरडलो. "माणसं राहतात तिथे!"

पिशवीतून दुसऱ्या वेळची प्रत काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवली. त्यावर लाल शाईत लिहिलं होतं, 'उतार वस्तीकडे जातोय. उलटा फिरवा.' अक्षर माझं, सहीही माझीच.

"वाहतुकीचा रस्ता खालच्या अंगाला यावा म्हणून चौथ्या वेळेपर्यंत आम्ही कागद उलटा मांडत होतो, सर; सरळ मांडलाय तो आत्ताच. या जुन्या प्रतीवरचा उत्तरेचा बाण बघा."

कोपऱ्यातला बाण खाली तोंड करून होता. वीस वर्षं मी कागद पसरला की वर उत्तर धरतो. आधी बाण बघा, असं नव्या लोकांना मीच बजावतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, मला उतार शिकवू नका. मग आमचे साहेब म्हणाले, ते सांगतात तसं करून टाक, नाहीतर सही व्हायची नाही."

मला आठवत नव्हतं, पण वाक्य माझंच होतं. मान वर करायची लाज वाटली.

तेवढ्यात फोन वाजला.

"झाली का रे सही?"

"नाही मावशी. चूक सापडली. पाणी तुझ्या घरात शिरलं असतं."

"अगं बाई! तू आहेस म्हणून बरं. ज्यानं केली त्याला चांगला फैलावर घे."

इंजिनियर बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मावशीचा आवाज खणखणीत, त्यांना ऐकू गेलाच असणार.

"मावशी, चूक मीच केली."



"बरं," ती म्हणाली, "आणि ओरडलास कुणावर?"