नापास छत्र्या

पंख्यांच्या कारखान्यात तपासनिसांना एकच काम होतं: नावं ठेवणं. पातं वाकडं, रंग उडालेला, मोटर घरघरते. खोट दिसली की लाल चिठ्ठी चिकटवायची. या कामाचा पगार मिळतो याचं त्यांच्या बायकोला फार नवल वाटे. तिच्या सासरची माणसं हेच काम फुकटात करत. पुढे कारखान्याने ते काम कॅमेऱ्याकडे दिलं. कॅमेरा चहा पीत नाही. तपासनिसांना फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं. गुच्छातलं एक फूल मोडलेलं होतं, तेही त्यांनी साहेबांना दाखवून दिलं.

निरोपाच्या वेळी मिळालेले पैसे त्यांनी सगळेच्या सगळे छत्र्यांत घातले. मुलीने फोनवर दुकान उघडून दिलं. पलंगाखाली छत्र्या, कपाटावर छत्र्या. घर आता याच्यावरच चालायचं होतं. दुसरीकडून दमडी येणार नव्हती.

"बाबा, फोटोखाली दोन ओळी लिहा. वाचून घ्यावीशी वाटली पाहिजे."

तपासनिसांनी विचार करून लिहिलं: 'दांडा किंचित डावीकडे कलतो. वाऱ्यात भरवसा देता येत नाही.'

"अहो, ही जाहिरात आहे की पोलिसांत दिलेली फिर्याद?" बायको म्हणाली.

मुलीने ते पुसून 'मजबूत आणि देखणी' असं लिहिलं, तेव्हा कुठे एकदोन ऑर्डरी आल्या. पण एकही छत्री तपासल्याशिवाय घराबाहेर जाईना. तपासनीस न्हाणीघरात शॉवर सोडून छत्री उघडून उभे राहत. मग ओल्या छत्र्या घरभर वाळत. मुलगी त्यांच्याखाली बसून अभ्यास करी. आंघोळीला माणसांचा नंबर छत्र्यांनंतर लागे. लाल चिठ्ठीवाल्यांचा ढीग कोपऱ्यातून सरकत पलंगापर्यंत आला आणि बायको अंग चोरून झोपू लागली.

"यातली एखादी तरी पास झाली का हो?"

"काळ्या ठीक आहेत."

बायकोला पहिल्यांदा भेटून आल्यावरही ते घरी 'ठीक आहे' एवढंच बोलले होते.

आणि एक दिवस मोठी ऑर्डर आली. पहारेकरी पुरवणाऱ्या एका कंपनीला आपल्या सगळ्या माणसांसाठी छत्र्या हव्या होत्या. बायको स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. मायलेकींनी लाल चिठ्ठ्या काढून टाकल्या, खोकी भरली, चिकटपट्ट्या मारल्या. तपासनीस शेजारी उभे राहून बघत होते. मग ते गॅलरीत गेले आणि त्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावला.

"साहेब, तुमच्या मालात बऱ्याच छत्र्यांची शिवण कच्ची आहे."

"तुम्ही कोण? दुसऱ्या दुकानाचे का?"

"नाही, नाही. विकणारा मीच."

"मग काय, घेऊ नको म्हणता?"

"माझं मत विचाराल तर, नकोच."

गिऱ्हाइकाने मत मानलं. असं त्यांच्या आयुष्यात फार कमी वेळा घडलं होतं.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती भरलेल्या खोक्यावर बसली आणि हळूच म्हणाली, "तुमचं चुकलं असं नाही म्हणत मी. भिजली असती बिचारी माणसं. पण उद्यापासून तुम्ही मालाला हात लावू नका."

"मग मी करू काय?"

तिने खरोखरच विचार केला. खूप वेळ केला. "बेल वाजली की दार उघडा."

दुसऱ्या दिवशी तपासनीस इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खुर्चीत बसले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. किरकोळ ऑर्डरींच्या पार्सलांवर चिकटपट्टी टर्रकन ओढल्याचा आवाज येई, मध्येच मायलेकी काहीतरी बोलत. शिवण बघताहेत का, हे विचारावंसं त्यांना दोनदा वाटलं. विचारलं नाही.

बेल वाजली. त्यांनी दार उघडलं. कुरिअरवाला होता.

"पार्सलं न्यायला आलोय. मालक आहेत?"

तपासनिसांनी हात कडीवरच ठेवला.

"आत आहेत," ते म्हणाले आणि बाजूला झाले.