जाळी कोणी काढली

दारू प्यायला जागा शोधावी लागत नाही, सोडायला लागते. एकेकाळी छापखान्यात पुस्तकं बांधणाऱ्या बायंडरला हे एका रविवारी सकाळी कळलं. हातात दवाखान्यातल्या नर्सनं लिहून दिलेला पत्ता, आणि गल्लीत कुठे पाटी नाही. तीन चकरा झाल्यावर शाळेसमोरचा वह्या-पेनांचा दुकानदार ओरडला, "दारू सोडायची ना? शाळेच्या मागच्या दारानं वर जा, डावीकडची खोली!" अख्ख्या गल्लीनं माना वळवल्या. अब्रूचं जे काही उरलं होतं ते खाली ठेवून बायंडर जिना चढला.

खरं तर तो बायकोसाठी आला होता. तीन वर्षांपूर्वी छापखान्यात, कागद कापायच्या मशिनवर, तिच्या धाकट्या भावाची दोन बोटं गेली. मेव्हण्याला तिथे चिकटवलं होतं बायंडरनंच. हात आत जाऊ नये म्हणून पात्यापुढे असते ती जाळी कोणीतरी काढून ठेवली होती आणि त्या दिवशी बायंडरच्या तोंडाचा भपकारा दारापर्यंत येत होता. मग विचारायचं काय राहिलं? त्याला स्वतःला तरी कुठे काही आठवत होतं! सकाळी कामावर गेला आणि दुपारी रक्त पाहिलं, मधलं सगळं कोरं. लोक म्हणाले, "तूच काढलीस." तो म्हणाला, "हो." नोकरी गेली. बायको राहिली, पण ताट वाढण्यापुरती. पुढे तो आणखीच प्यायला, आणि चार महिन्यांपूर्वी दवाखान्यातून कसाबसा माघारी आला. तेव्हापासून थेंब घेतला नव्हता. बायकोनं एकदा तरी धड तोंडाकडे बघून बोलावं, एवढंच त्याला हवं होतं.

खोली दुसरीच्या वर्गाची होती. बाकं एवढीशी की मोठमोठे बाप्ये गुडघे हनुवटीला लावून बसले होते. मीटिंग चालवणारा निवृत्त पोस्टमन होता. त्यानं नियम सांगितले. स्वतःबद्दलच बोलायचं. इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं. आणि कोणी बोलून झालं की टाळ्या वाजवायच्या.

तेवढ्यात छापखान्याचा फोरमन उशिरानं आत आला आणि मागे न बघता पहिल्या बाकावर बसला. बायंडरला वाटलं, हा इथे कशाला? या सद्गृहस्थाच्या तोंडात कायम लवंग असायची. ती कशासाठी, ते आज कळलं.

"मी पितो हे छापखान्यात कुणाला ठाऊक नाही," फोरमन उभा राहून म्हणाला. "एकदा घाईची ऑर्डर होती आणि मला चढली होती. जाळीपायी वेळ जातो म्हणून मी ती काढली आणि परत लावायची विसरलो. एका पोराची बोटं गेली. माझ्या हाताखाली एक बेवडा होता, त्याच्यावर नाव गेलं. तो आपणहून हो म्हणाला, मग मी कशाला नाही म्हणू?"

टाळ्या झाल्या.

बायंडरला आधी आनंद झाला, अगदी रडू येण्याएवढा. मी नव्हतो! मग त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो उठताना बाक कलंडलं.

"तो बेवडा मी."

फोरमननं मागे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. बायंडर बोलत राहिला. नोकरीचं बोलला, बायकोचं बोलला, बोलता बोलता घसा बसला. तो थांबला तसे पोस्टमननं हात उचलले, आणि रिवाजाप्रमाणे त्यालाही टाळ्या मिळाल्या.

जिन्यात फोरमननं त्याला गाठलं. "माफ कर रे बाबा. आज बोललो, फार हलकं वाटतंय बघ."

"मग चला घरी, माझ्या बायकोला सांगा."

"नियम आहे ना? इथलं इथेच."

"दुसऱ्याचं सांगायचं नाही, असा नियम आहे. स्वतःचं सांगायला कोण अडवतंय, फोरमनसाहेब?"

फोरमन कठडा धरून उभा राहिला. "दोन वर्षं राहिलीत मला रिटायर व्हायला. आणि तुझं आता जायचं असं काय उरलंय?"

बायंडरनं नियम मोडला, खुशाल मोडला. घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तो म्हणाला, "जाळी मी काढली नव्हती. फोरमननं काढली होती."

"ज्यानं माझ्या भावाला उचलून दवाखान्यात नेलं, गेटवर दुसरं काम दिलं, त्या देवमाणसावर ढकलताय?"

"त्यानं स्वतः कबूल केलं. मीटिंगमध्ये, अकरा जणांसमोर."

"सगळे दारुडेच ना?"

तीन वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"पीत होतात, तेव्हा निदान कबूल तरी करत होतात," ती म्हणाली, आणि घड्यांची चळत उचलून आत गेली.

पुढच्या रविवारी तो परत मीटिंगला गेला. फोरमन आला नव्हता. पोस्टमननं सांगितलं, तो आता दुसरीकडच्या मीटिंगला जातो, तिथे त्याला मोकळेपणानं बोलता येतं म्हणे. बायंडर गुडघे वर घेऊन बसला. त्यानं जाळी काढली नव्हती हे एवढ्या मोठ्या गावात या अकरा जणांनाच ठाऊक होतं, आणि ते आठवड्यातून दीड तास भेटत.